तिसरीच्या गणितासाठी जोडीदार मिळणेबाबत

प्रति,
मा. प्राथमिक शिक्षण अधिकारी,
नवीन गणित अभ्यासक्रम कक्ष, शिक्षण विभाग

विषय : इयत्ता तिसरीच्या गणितासाठी जोडीदार मिळणेबाबत, न मिळाल्यास अर्जदारास नापास करणेबाबत.
संदर्भ : माझा मागील अर्ज व त्यावर आस्थापना शाखेचे आलेले पत्र.

महोदय,

१. रस्ता संपतो तेथील एकशिक्षकी शाळेत मी काम करतो. पटावर एकच मुलगी आहे, ती तिसरीत. नवीन गणिताच्या पुस्तकात घोकंपट्टी नाही, हे उत्तमच झाले. परंतु पानोपानी 'जोडीदाराशी चर्चा करा', 'जोडीदाराचे उत्तर तपासा' असे छापलेले आहे. मुलगी आज्ञाधारक आहे. ती पान उघडते, शेजारच्या रिकाम्या बाकाकडे पाहते आणि मग माझ्याकडे पाहते.

२. सबब मीच तिच्या शेजारी बसू लागलो. पाहणीस आलेल्या साहेबांनी ते अमान्य केले. नवीन अभ्यासक्रमानुसार मी आता शिक्षक नसून सुलभक, म्हणजे मुलाला स्वतः शिकू देऊन नुसता हातभार लावणारा, आहे. सुलभकास जोडीदार होता येत नाही, जोडीदार त्याच इयत्तेचा लागतो, असे त्यांचे म्हणणे पडले. जोडीकार्य अपुरे राहिल्यास मुलगी अप्रगत ठरेल व तिला दूरच्या निवासी शाळेत धाडले जाईल. तिच्या आईचा जीव त्या विचारानेच कासावीस झाला आहे. माझाही झाला आहे, ते लपवण्यात अर्थ नाही.

३. मागील अर्जात मी 'जोडीदार नाही, तरी तो मिळावा' एवढेच लिहिले होते. आपल्या कार्यालयाने तो अर्ज पती-पत्नी एकत्रीकरणाच्या बदल्यांत घातला आणि जोडीदार सध्या कोठे कार्यरत आहे याचा दाखला मागवला. माझी पत्नी गेल्या उन्हाळ्यात वारली. ती आता कोठेही कार्यरत नाही. माझे अर्ज पाठवण्याआधी तीच वाचून पाहत असे. असला घोळ तिच्या नजरेतून सुटला नसता. कारकून साहेबांना मी बोल लावत नाही. मागितलेला दाखला मजजवळ नाही, जो आहे तो जोडला आहे.

४. मुलीस हे सारे समजावून सांगितले असता ती म्हणाली, "गुरुजी, मग तुम्ही नापास व्हा ना. तिसरीत आलात की आपण एका वर्गात." मी नियमावली चाळली. सुलभकाने नापास होऊ नये असे तीत कोठेही नाही. तरी मला तिसरीत नापास ठरवून तिच्या शेजारी बसण्याची लेखी परवानगी द्यावी. पुस्तकातील आगकाड्यांचे कोडे मला खरोखरच सुटलेले नाही, त्यामुळे त्यात खोटेपणाही होणार नाही.

५. निर्णय होईपर्यंत 'मनातली संख्या ओळखा' हा जोडीखेळ आम्ही दार लोटून घेऊन खेळतो, हे प्रामाणिकपणे कळवतो. हजारापर्यंतची संख्या तिने मनात धरायची, मी ओळखायची. काल मी शेकड्यांत शोधत राहिलो, मग दशकांत आलो. शाळा सुटली तरी सापडली नाही. तिने धरलेली संख्या दोन होती.

उत्तराच्या वाटेकडे डोळे लावून बसलेला,
आपला नम्र,
(सही)
सुलभक, एकशिक्षकी शाळा

दिनांक : सत्राचा दुसरा सोमवार

सोबत :
१. आस्थापना शाखेच्या पत्राची प्रत
२. पत्नीच्या मृत्यूचा दाखला
३. अर्जदारास शेजारी बसू देण्यास विद्यार्थिनीची संमती (आईच्या सहीसह)