आईचा चष्मा

प्रिय दादा,

लहानपणी तू मला टकळी म्हणायचास. अरे, या टकळीने एक गोष्ट सहा वर्षं पोटात ठेवली आहे. आता नाही राहत.

आईच्या डोक्यातला ट्यूमर काढला तेव्हा मी थिएटरात नर्स म्हणून उभी होते, हे तुला माहीत आहे. डॉक्टरांनी तेव्हा तिच्या मेंदूत एक रंग टोचला, हे माहीत नाही. मेंदूतलं नको असलेलं पाणी कुठल्या वाटेने बाहेर पडतं, याचा त्यांचा अभ्यास चालला होता. रंग मानेतल्या बारीक गाठींपर्यंत उतरतो का, ते कॅमेऱ्याने बघायचं. आम्ही थांबलो. मग पडद्यावर आईच्या कानाखाली हिरवा ठिपका उजळला. सगळे खूश झाले. खोटं कशाला बोलू, मीही झाले.

तिसऱ्या दिवशी ती गेली. रक्तस्राव भलतीकडेच झाला होता, रंगाचा काही संबंध नव्हता. कागद मी दहादा वाचलेत. तरी तो ठिपका माझी पाठ सोडत नाही. मागे वहिनी केस वर बांधत होती, तिच्या मानेवरही मला तो दिसला. मी पाणी प्यायच्या निमित्ताने उठले.

अभ्यासाच्या संमतीचं पान ऑपरेशनच्या कागदांपेक्षा वेगळं होतं. हो की नाही, एवढंच विचारलेलं. ते आईसमोर मीच धरलं. ती म्हणाली, अगं, माझा चष्मा कुठाय? चष्मा माझ्याच खिशात होता, दादा. मला घाई होती. म्हटलं, राहू दे गं, नेहमीचंच आहे, इथे कर सही. किराण्याची यादीसुद्धा दोनदा वाचणारी बाई ती! म्हणाली, तू सांगशील तिथे करते बाई. चष्मा अजून माझ्या कपाटात आहे.

काल तू फोनवर तुझा रिपोर्ट सांगितलास. आईचंच दुखणं, डॉक्टरही तेच, आणि त्यांचा तो अभ्यासही अजून चालूच आहे. वर हसून म्हणालास, टकळे, मला त्यातलं काय कळतंय, तू सांगशील तिथे सही करतो. ऑपरेशन करून घे, ते टाळू नकोस. पण अभ्यासाचं पान सोबत पाठवते आहे, ते वहिनीला शेजारी बसवून, चष्मा लावून वाच. नाही म्हणालास तरी ऑपरेशन तितक्याच काळजीने होईल. हो म्हणालास तर ते तुझं तू म्हण. आईचं कळल्यावर माझ्याशी बोलला नाहीस तरी चालेल. फक्त मी बोट ठेवेन तिथे सही करू नकोस.

तुझीच,
टकळी