आधी पाय धू

एर्लांगेन, एप्रिल २०१८

ती. आईस,
आम्हा तिघांचा वाकून नमस्कार. तुझा गुडघा आता वाकतो का?

रविवारी जंगलात सॅलमँडर बघायला गेलो. दिसायला पालीसारखा, पण काळाकुळकुळीत आणि अंगावर हळदीचे ठिपके! जर्मनीच्या पश्चिमेकडे बुरशीच्या रोगानं ते मरून काही ओढे ओस पडलेत. बुरशी बुटांच्या चिखलातूनही पसरते, म्हणून जंगलात शिरण्याआधी बादलीतल्या पाण्यानं बूट धुवायचे.

सोबत आलेले शेजारचे वेबर आजोबा बूट न धुता तसेच निघाले. तर एरवी जर्मनच बोलणारी तुझी नात कमरेवर हात ठेवून ओरडली, "आधी पाय धू, मग आत!" हुबेहूब तुझा आवाज. आजोबांना शब्द कळले नाहीत, पण मुकाट्यानं बादलीकडे वळले!

मग ओढ्याकाठी एक सॅलमँडर दिसला, अगदी ठणठणीत.

आपल्या विहिरीतले बेडूक अजून ओरडतात ना गं?

तुझी,
ऊर्मिला