वालाचा पहिला तोडा

आई, यंदा पौषात मी पंखा लावून झोपले. तुझ्या वेळी या दिवसांत मुकुटबनला चुलीपुढून उठावंसं वाटत नसे आणि तू मात्र मला पहाटेच गोधडीतून ओढून काढायचीस. न्हाणीच्या पाण्यावर वाढलेला वालाचा वेल मांडवभर पसरलेला असायचा, आणि पानांवर दहिवर आहे तोवरच त्याच्यावर चुलीतली राख उडवायची असायची. ओल्या पानाला राख धरते, मग माव्याची कीड पडत नाही, हे तुझं शास्त्र. माझी बोटं बधिर व्हायची. भाऊ आत झोपलेला. "त्याले झोपू दे, त्याची परीक्षा हाय," म्हणायचीस. परीक्षा मलाही होती.

तो नागपूरला नोकरीला लागला, तेव्हापासून पहिला तोडा त्याचा झाला. कोवळ्या शेंगा तू ओल्या फडक्यात बांधायचीस, आणि मी ती पुरचुंडी घेऊन एसटीच्या कंडक्टरची मनधरणी करायची. घरात शिजायच्या त्या नंतरच्या, निबर आणि किडक्या. एकदा मी म्हटलं, "मले एखाद्या वेळी पहिला तोडा दे ना." तू हातातलं काम न थांबवता म्हणालीस, "त्याले तिकडं काय भेटते? तुले तं सारं घरचंच हाय." ते वाक्य मला अजून पाठ आहे. सारं घरचं म्हणजे काय, ते मला नंतर नीट कळलं. तुझं आजारपण घरचं, तुझी औषधं घरची, माझं लग्न राहून गेलं तेही घरचंच. तू गेल्यावरही मी दर हिवाळ्यात तोडा पाठवत राहिले. माया म्हणू नकोस त्याला. सवय लागली होती.

यंदा थंडी आलीच नाही. आभाळ सारखं भरलेलं, हवा कोंदट, पानांवर दहिवराचा थेंब नाही. मी तरी तुझ्या शास्त्राप्रमाणे रोज राख उडवत राहिले. कोरड्या पानांवरून ती घसरून माझ्याच पायांवर पडायची. मग अवकाळी पाऊस झाला, आणि उरलेल्या राखेचा चिखल होऊन फुलोऱ्यावर बसला. फुलं काळी पडून गळाली, मागून मावा आला. आता सगळे कोथिंबीर म्हणतात तो आपला सांबार हातभर वाढून फुलावर गेला, टमाटे म्हणतात ती भेदरं झाडावरच सडली. शेजारीण कुंपणावरून बघून म्हणाली, "बाई, हवाच बिघडली यंदा. माह्या वांग्याची बी तीच गत हाय." तेवढंच कुणीतरी बोललं.

भावाचा फोन आला. "काहून, यंदा शेंगा नाही पाठवल्या?" मी हवेचं सांगितलं. तो हसला. "आईच्या हातालेच गुण होता. तू राख टायमावर टाकली नसशील." जन्मात राखेला हात न लावलेला माणूस मला हे सांगत होता, आणि तुझाच सूर त्याच्या तोंडी होता. मग म्हणाला, "बी तरी ठेव. मी इथं गच्चीवर लावतो." गेल्या वर्षीचं सगळं बी मी पेरून बसले होते. राखेत बी ठेवायचा तुझा डबा रिकामा होता, आणि वेलावर, आतल्या बाजूला पाऊस न लागलेल्या, मूठभर शेंगा होत्या. वाळू दिल्या असत्या तर पुढच्या वर्षी वेल झाला असता.

मी त्या हिरव्याच तोडल्या. तोडून आत आले तर हातांनी आपोआप फडकं ओलं केलं. ते पिळून मी दोरीवर टाकलं आणि शेंगांच्या शिरा काढायला बसले. भाजी केली, एकटीनं खाल्ली. काही विशेष लागली नाही, आई. जिच्यासाठी मी इतकी वर्षं आतल्या आत जळले, ती भाजी एवढीच होती. ढगाळ हवेनं चव गेली असेल, किंवा पहिला तोडा असाच लागत असेल. तुझ्या थंडीतला कसा लागायचा, हे आता मला कळायचं नाही.

भावाला सांगितलं, बी हवेनं गेलं. तुला खरं लिहिलं, कारण हे पत्र कुठल्याच कंडक्टरच्या हाती द्यायचं नाही.