तोंडात टाचण्या धरण्याची पद्धत

तीर्थरूप मावशीस,

साष्टांग नमस्कार. तुझा गुडघा आणि तुझं शिवणयंत्र यांपैकी निदान एकाची तरी कुरकुर थांबली असेल, अशी आशा करतो. आम्ही इकडे मजेत. आईही ठीक. (तिने 'माझ्याबद्दल तिला एक अक्षर लिहू नकोस' असं बजावलं आहे, म्हणून एवढंच. आजीचं यंत्र तुझ्याकडे गेल्यापासून तुम्ही बहिणी बोलत नाही, त्याला आता दोन वर्षं होतील. मधल्यामध्ये माझं सँडविच होतं.)

पत्रास कारण की, मी समुपदेशक होता होता राहणार होतो. वीस वर्षं गणित शिकवून या वयात पुन्हा विद्यार्थी झालो, हे तुला ठाऊकच आहे. शेवटची अट अशी, की 'समुपदेशनाची माझी स्वतःची पद्धत' लिहून द्यायची. ती आमच्या मार्गदर्शक बाईंना पटली नाही, तर वर्ष पुन्हा. आता माझी स्वतःची पद्धत एकच: समोरच्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत उत्तर सांगून मोकळं होणं. बाई म्हणाल्या, ही पद्धत नव्हे, खोड आहे.

मग इतरांच्या पद्धती अंगाला लावून पाहिल्या. आधी मौन. एका निवृत्त ग्रंथपालांसमोर (कोण ते विचारू नकोस, गोपनीयतेची शपथ घेतली आहे) मी गप्प बसलो. तेही गप्प. चाळीस वर्षं वाचनालयात काढलेल्या माणसाशी गप्प बसण्याची पैज लावू नये, हे मला पाऊण तासाने कळलं. नंतर समोरच्याचंच बोलणं त्याला परत ऐकवण्याची पद्धत. एक आजीबाई म्हणाल्या, 'मला सुनेचा राग येतो.' मी म्हणालो, 'म्हणजे तुम्हाला सुनेचा राग येतो.' त्यांनी मायेने विचारलं, 'बाळ, तुला कमी ऐकू येतं का?' आणि पुढचं सगळं ओरडून सांगितलं. शेजारच्या खोलीत बसलेल्या आमच्या मार्गदर्शक बाईंनाही त्या सुनेचा राग यायला लागला.

शेवटी रिकामी खुर्ची. ज्याच्याशी बिनसलं आहे तो तिथे बसला आहे असं समजून बोलायचं. आले एक सुतार. (हे सांगायला त्यांची परवानगी काढली आहे.) भावाशी सहा वर्षं अबोला. मी म्हटलं, 'या खुर्चीत तुमचे भाऊ बसलेत.' त्यांनी खुर्ची हलवून पाहिली. 'यात नका बसवू, पडेल तो,' म्हणाले, आणि पिशवीतून हातोडी काढून खुर्ची पालथी केली. मला पाय धरायला लावले (खुर्चीचे). दोन्ही हात अडकलेले पाहून चार खिळे माझ्या ओठांत दिले. मग ठोकता ठोकता बोलू लागले. हा सांधा भावानेच शिकवला, इथपासून वडिलांच्या आजारपणात कोण कुणाला काय बोललं, इथपर्यंत. माझ्याकडे तीन उत्तम उत्तरं तयार होती, पण तोंडात खिळे. शेवटी ते थांबले, डोळे पुसले आणि म्हणाले, 'सुट्टीला जाऊन येतो त्याच्याकडे.' मावशी, मला भरून आलं.

आणि तू आठवलीस. लहानपणी मी तुझ्या खोलीत चिंध्यांत खेळायचो, तेव्हा बायका मापं द्यायला यायच्या आणि मन मोकळं करून जायच्या. तुझ्या तोंडात टाचण्या. तू नुसतं 'हं' म्हणायचीस आणि त्यांना खांदा धरून वळवायचीस. मी तेच लिहून दिलं: हात कामात, तोंड बंद. बाईंनी दोनदा वाचलं. 'खिळ्यांऐवजी पेन्सिल धरा,' एवढीच दुरुस्ती. मी पास झालो! सध्या जमिनीवर पाय नाहीत.

तुझा (अधूनमधून) आज्ञाधारक भाचा

ता. क. : बाईंनी विचारलं, ही पद्धत कुणाची? मी बेधडक 'माझी' म्हणालो. पोटात घाल.

आणखी एक : आईच्या कोटाची शिवण उसवली आहे. रविवारी तिला घेऊन येतो. तू टाचण्या लावताना यंत्राचा विषय निघणारच. ती बोलेल ते बोलू दे, मध्ये उत्तर देऊ नकोस. सगळं पत्र एवढ्यासाठीच लिहिलं.

अगदी शेवटचं : कोटाला काहीही झालं नव्हतं. काल दुपारी आई खिडकीपाशी बसून त्याचा एकेक टाका उसवत होती. मी दारातून पाहिलं, आणि जन्मात पहिल्यांदा, काही न बोलता मागे फिरलो.