देवखारची सगळी स्थळं

पनवेल, सोमवार

ती. नूतनआत्येस,

प्रतिक्षाचा नमस्कार. तुझा गुडघा आणि माघी गणपतीच्या मूर्ती, दोन्हींचं काम वेळेत होईल अशी आशा आहे. आई-बाबा बरे आहेत. मीही बरी आहे, निदान बाहेरून तसं दिसतं. झालं ते आधी क्रमाने लिहिते.

१. मी काल देवखारला जाऊन आले.
२. स्थळं पाहिली.
३. मी ज्यांना स्थळं म्हणत होते आणि गाव ज्यांना स्थळं म्हणत होतं, ती वेगळी निघाली.
४. दीपमाळ, गाढवाचा दगड, धक्का आणि तळं, चारही उत्तम आहेत.
५. माझा टेप तळ्यात आहे.
६. गावातली तीन घरं तुझ्या उत्तराची वाट बघत आहेत. तिघांनाही नकार कळवायचा आहे, आणि तो सीताकाकीला गावात मान वर करून फिरता येईल अशा शब्दांत कळवायचा आहे. हे काम तुझं आहे.

आता सविस्तर. फोन न करता कागदावर लिहितेय, कारण तुझा फोन नम्रतावहिनी कारखान्यात स्पीकरवर लावते आणि मग रंगकामाला बसलेली सगळी मंडळी मत देतात. कागद स्पीकरवर लागत नाही.

सुरुवात माझ्या निरोपापासून. तो माझ्या फोनमध्ये अजून आहे, म्हणून जसाच्या तसा उतरवते: ‘आत्या, रविवारी देवखारला जायचं म्हणतेय. मला तिथली सगळी स्थळं बघायची आहेत. जुनी असतील तेवढी चांगली. पडझड झालेली असली तरी चालतील. एका दिवसात जमतील तेवढी उरकते.’ यातलं एकही वाक्य चुकीचं नाही, मी पुन्हा पुन्हा तपासलं. गेली चार वर्षं मी इमारतींची तपासणी करते आणि सुट्टीच्या दिवशी जुनी बांधकामं बघत हिंडते, हे तुला माहीत आहे. ते सीताकाकीला माहीत नव्हतं. तू हा निरोप देवखारच्या तुझ्या या जावेला फोनवर वाचून दाखवलास, आणि तिने त्यावर जे उद्गार काढले ते तिनेच मला काल कौतुकाने ऐकवले: ‘पोर लय समजूतदार हाय गो, तिची कायसुदा अट नाय.’

दिवा-रोहा गाडीने कासूला उतरले. बाहेर कान्हू रिक्षा घेऊन उभा होता. स्थळं बघायला आलेल्या त्या तुम्हीच का, असं त्याने विचारलं. मी हो म्हटलं. किती बघणार? सगळी, मी म्हटलं. त्याने आरशातून माझ्याकडे आदराने पाहिलं (मला तो आदर इतिहासाविषयीचा वाटला) आणि गडब गावात आपल्या मेव्हण्याचंही आहे, जाताना तेवढं बघून घ्या, अशी गळ घातली. किती जुनं आहे, असं मी विचारलं. बत्तीस वर्षं. मग ते ऐतिहासिक धरता येणार नाही, हे मी स्पष्ट केलं. कान्हूला ते लागलं. ‘ऐतिहासिक नसंल ताई, पन पक्कं हाय. सोताचा टेम्पो हाय.’ घराला स्वतःचा टेम्पो कसा असतो हा प्रश्न मला तिथेच पडायला हवा होता. पण तेवढ्यात वळण आलं आणि भातशेतांच्या पलीकडे दीपमाळ दिसली.

आत्या, त्या दीपमाळेबद्दल तू मला आजवर काहीच कसं सांगितलं नाहीस? काळा दगड, खाली आठ कोनी चौथरा, वर जाताना गोल होत गेलेला खांब आणि दिवे ठेवायला अंगभर बाहेर काढलेले दगडी हात. सगळी माळ खाडीच्या बाजूला किंचित कललेली आहे, आणि तरी इतक्या पावसाळ्यांनंतर उभी आहे. का उभी आहे याबद्दल माझा एक तर्क आहे, तो मी तुला भेटल्यावर चित्र काढून समजावीन (नाही म्हणू नकोस). मी रिक्षा थांबायच्या आधीच उतरले. तिथे देवळापुढे सीताकाकी, पाच-सहा बायका, इस्त्रीचा शर्ट घातलेला निकेश नावाचा एक तरुण आणि त्याची आई असे उभे होते. गावकरी वारशाबद्दल एवढे जागरूक आहेत हे बघून मला भरून आलं. निकेश कंपनीत शिफ्टला असतो, आज मुद्दाम सुट्टी घेतली आहे, असं काकीने सांगितलं. मी त्याचे आभार मानले आणि टेपचं एक टोक त्याच्या हातात दिलं.

मी खांबाकडे बघत म्हटलं की मधे कधीतरी डागडुजी झालेली दिसते. माझ्या मागून निकेशच्या आईने उत्तर दिलं, ‘गेल्या साली अपेंडिस काढलं, बाकी काय नाय.’ अपेंडिस हा इकडच्या गवंड्यांचा शब्द असेल असं समजून मी तो टिपून घेतला. मग मी पायाची चौकशी केली. पायाला काही नाही, असं ठणकावून सांगत त्या माउलीने मुलाला चालून दाखवायला सांगितलं. निकेश दीपमाळेभोवती एक फेरी मारून आला. इथे येणाऱ्याने प्रदक्षिणा घालायची पद्धत असेल, म्हणून मीही त्याच्या मागून निघाले. टेपचं एक टोक त्याच्या हातात होतं आणि दुसरं माझ्या. बायकांनी एकमेकींकडे पाहिलं आणि एकीने पदराने डोळे टिपले. (गावातली चर्चा इथून सुरू झाली असावी. ती कशी थांबवायची ते तू बघ.)

पुढचा दगड चिंचेखाली होता आणि दगडाशेजारी खुर्चीत हैबतराव होते. वय पन्नासाच्या आगेमागे, मिशी उत्तम, उजवा पाय प्लास्टरमध्ये. ते दिवाळीत मोटारसायकलवरून पडले, हे मला नंतर कळलं. मी दगडच बघत होते, आणि दगड आडवा झालेला होता. काकी माझ्या कानाशी म्हणाली, ‘ह्यो पडलेला हाय गो, पन तू चालंल म्हनालीस ना?’ मी म्हटलं, हरकत नाही, चार माणसं आणि एक पहार मिळाली तर आजच उभा करता येईल. हैबतरावांनी खुर्चीचे हात घट्ट धरले.

खरं सांगते, त्या दगडापुढे मी बसले तेव्हा माझं मन थाऱ्यावर नव्हतं. तो गद्धेगाळ आहे, म्हणजे शापाचा दगड. वर चंद्र-सूर्य, मधे झिजलेल्या ओळी, खाली गाढवाचं शिल्प. मी असा दगड संग्रहालयाबाहेर पहिल्यांदाच पाहिला, आणि तोही असा, शेळ्या अंग घासतात तिथे. मी आनंदाच्या भरात मोठ्याने समजावू लागले की जुन्या काळी राजा देवाला जमीन द्यायचा, तेव्हा असा दगड उभा करायचे, आणि ही जमीन जो बळकावेल त्याच्या आईला, असं म्हणून मी थांबले. कारण हैबतरावांच्या आई समोरच बसल्या होत्या आणि त्यांनी विचारलं, ‘आईला काय?’ मी शक्य तितक्या सभ्य शब्दांत सांगितलं. शिल्पकाराने सभ्यतेला फारशी जागा ठेवलेली नाही. देवळाची जमीन गावात कोण कसतं, हे मला कोणीतरी आधी सांगायला हवं होतं. सगळे हैबतरावांच्या प्लास्टरकडे बघू लागले, आणि प्लास्टर कशामुळे चढलं याचा उलगडा झाल्यासारखे माना हलवू लागले. (म्हणजे तीन नकारांपैकी एक त्या घराकडूनच येईल. तो तू नम्रपणे स्वीकार.)

तिथून मला एकटीलाच खाडीवर पाठवण्यात आलं, मला वाटतं दगडापासून लांब जावं म्हणून. जुन्या धक्क्याला लागून जमालचाचांचं घर आहे. पूर्वी याच धक्क्यावरून मिठाची गलबतं भरत. अजराचाचींनी चहा दिला, चाचांनी खुर्ची दिली आणि दोघंही माझ्याकडे थोडं अपराधी नजरेने बघत बसले. शेवटी चाचा म्हणाले की मुलगा फैजल कुवेतला असतो, त्याचं लग्नही झालं, मुलगी झाली. मी अभिनंदन केलं. ते आणखी ओशाळले. ‘तेच सांगतो बेटा, आमच्याकडं तुमच्यासाठी स्थळ नाय. फक्त धक्का हाय.’

आणि तो मला बसला. फैजलचं लग्न झाल्याचं दुःख मला का असावं, या एका प्रश्नापाशी दिवसभरातली सगळी वाक्यं उलटी चालत परत आली. टेम्पो, अपेंडिस, प्रदक्षिणा, पहार. मी चाचांना फक्त विचारलं की गावात मी नेमकी कशासाठी आले असं समजतात. त्यांनी सांगितलं. चाची म्हणाल्या, मुलगी स्वतः गावोगाव फिरून नवरे बघते हे त्यांना फार आवडलं, हफ्सालाही फोन करून सांगितलं. हफ्सा म्हणजे त्यांची सून, म्हणजे आता कुवेतलाही कळलं आहे. मी कप खाली ठेवला, धक्क्यावर गेले आणि त्याची रुंदी दोनदा मोजली. दोन्ही वेळा वेगळी आली. असं माझ्याकडून होत नाही.

डोकं जाग्यावर यावं म्हणून मी कोणाला न सांगता गावामागच्या तळ्यावर गेले. चारी बाजूंनी दगडी पायऱ्या, एका कोपऱ्यात पाणी आत येण्यासाठी कोरलेलं मगरीचं तोंड. पायरीवर एकजण पाण्यात पाय सोडून बसला होता. मी टेप काढला. त्याने काही न विचारता दुसरं टोक धरलं (धरण्याची पद्धत बरोबर होती, टेप पिळला नव्हता). तो अमोल. पेणला एका कारखान्यात आखणी करतो, म्हणजे गणपतीचे डोळे काढतो. तुझ्या नव्हे, पलीकडच्या. मगरीचा डावा डोळा उजव्यापेक्षा झोपाळू आहे, असं तो म्हणाला. मी जाऊन बघितलं. आहे.

माघीचा हंगाम सोडून इथे कसा, असं मी विचारलं. तो म्हणाला, लपलोय. ‘कोन एक इंजिनेर बाई आलेय. गावातले सगळे नवरे बघनार म्हनं, जुने, पडलेले, सगळे. आईला सांगितलं रोह्याला जातो, आनि इथं येऊन बसलो.’ मी विचारलं की तू जुना की पडलेला. तो म्हणाला, तेच तर कळत नाही, दोन्हीतलं काही नसेन तर बाईची निराशा व्हायची. मी टेपवरचा आकडा वाचला. मी कोण हे मी सांगितलं नाही. त्याने विचारलं नव्हतं.

तळ्याच्या तीन बाजू मोजून झाल्या. चौथ्या बाजूला होतो तेव्हा काकी, तिची मंडळी आणि अमोलची आई असा सगळा जथा मला शोधत वर उगवला. काकी कमरेवर हात ठेवून म्हणाली, ‘बगा, आपन गावभर हुडकतोय आनि ह्यांचं आपलं आपन जमलंय.’ अमोलने वर त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मग त्याच्या हातून टेप सुटला. माझ्याही. तो सगळा गुंडाळत सरसर पाण्यात गेला.

‘म्हंजे त्या तुम्हीच?’

मी म्हटलं, हो, पण मोजमाप पूर्ण झालेलं नाही. तो हसला, आणि पाणी चैत्रात उतरतं तेव्हा टेप काढून ठेवीन म्हणाला.

संध्याकाळी काकीच्या अंगणात पोपटी लावली. भांबुर्डीच्या पाल्याचा वास, वालाच्या शेंगा, अंडी, मडकं उपडं करताना सगळ्यांची धांदल. काकीने नवं लुगडं नेसलं होतं. तीन घरांनी तिचा शब्द राखला, म्हणून ती दिवसभर हवेत चालत होती. मी दोनदा खरं सांगायला तोंड उघडलं आणि तिने दोन्ही वेळा त्यात वालाची शेंग घातली. त्यामुळे तिला अजून काही माहीत नाही. नकार कळवताना तिचं नाव खाली जाता कामा नये. मुलगी हट्टी आहे, अभ्यासात गुंतली आहे, पत्रिका जुळत नाही, काहीही सांग, दोष माझ्याकडे असू दे. तू बारा वर्षं शाळेत मराठी शिकवलंस, शब्द तुला सुचतील. (बारा वर्षं मराठी शिकवलेल्या बाईला ‘स्थळ’ या शब्दाचे दोन अर्थ निरोप वाचताना आठवले नाहीत, याचं मला राहून राहून आश्चर्य वाटतं. ही फक्त नोंद.)

काकांना नमस्कार. नम्रतावहिनीला हे वाचायला देऊ नकोस.

तुझी,
प्रतिक्षा

ता. क. कलम सहामध्ये दुरुस्ती. निकेशच्या घरी नकार कळव, चांगला मुलगा आहे, त्याला ताटकळत ठेवू नये. हैबतरावांकडून येईल तो स्वीकार. तिसऱ्या घरी तूर्त काही कळवू नकोस.

आणखी एक. टेप ऑफिसचा असल्यामुळे तो परत मिळवणं आवश्यक आहे, आणि चैत्राला अजून अवकाश आहे.

आणखी एक. टेप ऑफिसचा नाही. माझा आहे, आणि आज दुपारी मी नवा घेतला. तळ्याची चौथी बाजू मात्र राहिलीच आहे, आणि ती एका माणसाने मोजता येत नाही.

शेवटचं. तो पलीकडच्या कारखान्यातला आहे, आणि त्या कारखान्याबद्दल तुझं मत मला पाठ आहे. तरी सांगते, मला देवखारचं एक स्थळ पुन्हा बघायचं आहे. या वेळी शब्दाचा अर्थ सीताकाकीने घेतला होता तोच घे. मी रविवारी येऊ का, ते गुरुवारपर्यंत कळव.