चिमट्याखालची थाळी

२८ डिसेंबर १९६०

हे सकाळीच पाहुण्यांना घेऊन नदीवर गेले. कोर्टाला नाताळची सुटी लागली की यवतमाळच्या वकीलसाहेबांना मासे आठवतात. यंदा बरोबर तीन मित्र. गळ, टोप्या, बिस्किटांचे डबे, एकाच्या गळ्यात दुर्बीण. तिने मासा दिसणार नाही, पण ऐट तर आहे! सहस्रकुंडाच्या खाली पैनगंगेत तराफे सोडायचे, घळीत दोन मुक्काम, तिसऱ्या दिवशी बाहेर. पुढचा तराफा नामदेव भाऊजींचा, मागचा ह्यांचा.

निघताना मी विचारलं, थाळी घेतली का? "घेतली. तू आपली शाळा पाह्य."

शाळेत नव्या कुसुमबाई म्हणाल्या, मासे धरायला थाळी कशाला हो? त्यांना सगळं सांगत बसले. घळीत एक जागा फार अरुंद आहे, तिला चिमटा म्हणतात. तिथं पाहुण्यांना उतरवतात, ते काठाकाठाने चालत खालच्या रेतीवर जातात. मग पहिला तराफा चिमट्यातून सोडतात. तो सुखरूप खाली आला, दोराने काठाला लागला, की खालचा माणूस थाळीवर दोन ठोके देतो. ते ऐकल्यावरच वरचा दुसरा तराफा सोडतो. हाक कोणी मारत नाही. पाण्याचा आवाज तर आहेच, पण घळीत नाव घ्यायचं नाही अशी आमच्याकडे रीत आहे. पाण्याला माणसाचं नाव कळू नये म्हणे.

कुसुमबाई हसल्या. मीही हसायचे पहिल्या वर्षी. तेव्हा हे म्हणाले होते, "तू तरी कुठं घेते माहं नाव?"

थाळी माझ्या लग्नातली. पितळी, कडेला पोचा.


२९ डिसें.

थंडी. दुसरीच्या मुलींनी पाढे म्हणताना दात वाजवून दाखवले. ओरडले नाही.
तुरीच्या शेंगा सोलल्या. हे आले की सोले भाजी. मासे खाऊन येणार, तरी हिरवी भाजी मागणारच.


३० डिसें.

ना. भाऊजी एकटे आले. शाळेच्या दारात उभे राहिले, आत येईनात. "वैनी." हातात थाळी.
मी विचारलं, दादा कुठं आहेत? ते खाली बसले.
मुलींना मी घरी जा म्हणाले की नाही, आठवत नाही.


३ जानेवारी १९६१

चार दिवस माणसं डोहात उतरताहेत. चिमट्याखाली फार खोल आहे. ह्यांच्या हातचा बांबू सापडला. एक चप्पल सापडली, ती ह्यांची नव्हे. मी ओळखत नाही असं मामाजींना वाटलं, ते रागावले. मी का ओळखणार नाही? टाच कोणत्या बाजूने झिजते ते मला ठाऊक आहे.

उमरखेडहून करीमभाई आला. ट्रकच्या टुबा तोच जोडून देतो. ओसरीत बसून त्याने ह्यांच्या तराफ्याची एकेक टूब बादलीत बुडवून पाहिली. एकही बुडबुडा नाही.
"भाभी, टूब फुटी नही. मी खुदाची कसम खाऊन सांगतो."
त्याला दोष कोणी दिलाच नव्हता. तरी चहा न घेता गेला.

वकीलसाहेब आणि मित्र पहिल्याच दिवशी यवतमाळला परतले. त्यांच्याही डोळ्यांत पाणी होतं म्हणतात.


१४ जाने., संक्रांत

शेजारच्या यमुनाबाई स्वतः बोलवायला आल्या. न बोलावतील तर बरं, असं वाटत होतं. गेले. ओळीत बसलेल्या सगळ्यांना हळदीकुंकू लावत आल्या. माझ्यापाशी करंडा हातात धरून थांबल्या. सगळ्याजणी आपापल्या पदराकडे बघायला लागल्या. यमुनाबाईंनी माझ्या हातावर तिळगूळ ठेवला आणि पुढच्या बाईकडे सरकल्या.
त्यांचं चुकलं कुठं? मी कोण आहे ते मलाच ठाऊक नाही, त्यांनी काय करावं.

घरी येऊन आरशासमोर स्वतःच लावलं. मोठं लावलं. वाकडं झालं. तसंच ठेवलं.


२६ फेब्रुवारी

मामाजींनी अखेर विषय काढला. अंग सापडलं नाही तर पळसाच्या पानांचा माणूस करतात, त्याला अग्नी देतात, मग दिवस घालतात. ते केल्याशिवाय सुतक फिटत नाही. आणि ते फिटल्याशिवाय ना. भाऊजींचं लग्न होत नाही. ढाणकीची मुलगी ठरून बसली आहे, तिचे वडील दोनदा येऊन गेले. भले लोक आहेत, तोंडाने काही बोलत नाहीत.

मामाजी म्हणाले, "पोरी, मी बाप हाओ त्याचा. मले काय हौस हाये काय?"

हौस नाही हे मलाही दिसतं. पण पानांच्या त्या माणसाला अग्नी दिला की माझं कपाळ त्या दिवशी पुसणार. अंग पाहिलं नाही, चप्पल ह्यांची नाही, आणि मी पानांवर विश्वास ठेवायचा. मी म्हटलं, थोडं थांबा. कशासाठी, ते त्यांनी विचारलं नाही. विचारलं असतं तर मला सांगता आलं नसतं. आशा आहे असंही नाही. तो डोह मी वरून पाहिला आहे.


४ मार्च

होळी झाली. पळस फुलला आहे, शाळेच्या वाटेवर दोन्ही बाजूंनी. दुसरीकडून जाते.

ना. भाऊजी दुपारी आले, चुलीपाशी बसले. दोन महिने माझ्याशी धड बोलत नव्हते. आज बोलले. जसं बोलले तसं लिहून ठेवते.

"वैनी, म्या थाळी रेतीवर ठेवली."

पुढचा तराफा चिमट्याच्या खालच्या तोंडाशी आडवा अडकला होता. भाऊजी दोन्ही हातांनी दोर धरून पाण्यात उतरले. थाळी रेतीवर. तोवर पाहुणे काठाने येऊन पोचले होते, स्टोव्हवर चहा झाला होता. वकीलसाहेबांचा एक मित्र वाटेत मागे रेंगाळला होता. त्याला बोलवायला साहेबांनी थाळी उचलली आणि चमच्याने वाजवली. गंमत म्हणून. दोन ठोके.

"दादा वरतून सुटला. त्याले काय ठाव? थाळी वाजली तं वाट मोकळी. आला तं मी त्याच्यापुढं पाण्यात. त्यानं मले पाह्यलं अन् बांबू खडकाले लावला. तराफा फिरला. मी वाचलो."

मी विचारलं, साहेबांना सांगितलं?
"कसं सांगू? ते तं रडून राह्यले होते."

भाकरी करपली. मला राग आला होता, इतका की हातातलं उलथनं फेकावंसं वाटलं, पण फेकणार कुणावर? भाऊजींवर? ते पाण्यात दोर धरून उभे होते. त्या साहेबावर? त्याला चहा द्यायचा होता मित्राला. राग करायला माणूसच सापडेना. शेवटी ह्यांचाच राग आला. थोडं थांबायला काय झालं होतं?

करीमभाईला निरोप पाठवायला हवा की टुबांचा प्रश्नच नव्हता.


१२ ऑगस्ट

नदी खालच्या पायरीला लागली. लाकडं वाहून चालली आहेत, एक गायही. पुराचा आवाज वर्गात येतो. मुली खिडकीशी धावतात. मी फळ्याकडे तोंड करून उभी राहते.
पूर ओसरल्यावर शोधायलाही काही उरणार नाही. हे माहीत होतंच. तरी आज लिहून ठेवलं.


२० नोव्हेंबर

करीमभाईमार्फत वकीलसाहेबांचा निरोप. नाताळात पुन्हा येतो म्हणतात, मागची सहल अर्धी राहिली. तेच मित्र. "अर्धी राहिली" हे शब्द सांगताना करीमभाई जमिनीकडे बघत होता.

मला वाटलं ना. भाऊजी नाही म्हणतील. ते म्हणाले, "जाऊ. नाही गेलो तं जन्मात घळीत शिरणार नाही मी. मंग कराचं काय? आपल्याले दुसरं येते काय?" ते खरं आहे. मागच्या तराफ्यावर त्यांचा होणारा मेहुणा येणार आहे, ढाणकीचा. पोहणारा आहे, पण चिमट्यात पहिल्यांदाच.
"पण थाळीवर माणूस पाह्यजे," भाऊजी म्हणाले. "जो थाळी खाली ठेवणार नाही."

मामाजींचे गुडघे चालत नाहीत. मी म्हटलं, मी जाते. शाळेत रजा टाकते.

"बाईमाणूस? घळीत?"
"थाळी माझी आहे," मी म्हटलं. उद्धटपणा झाला. पण मामाजी रागावले नाहीत. म्हणाले, "जाय. पण आल्यावर येत्या अवसेले आपण ते काम उरकू. माघात नामदेवाचं लगीन लावू."
मी हो म्हटलं नाही. नाहीही म्हटलं नाही. त्यांनी ते हो धरलं.


२५ डिसें.

मामाजींनी पळसाची पानं आणून ठेवली. इतक्या लवकर कशाला? ओल्या फडक्याखाली, माठाच्या शेजारी. पाणी प्यायला गेलं की दिसतात.
थाळी चिंचेने घासली. पोचा जात नाही.


२९ डिसें. १९६१

चिमट्याखाली, रेतीवर बसून लिहिते आहे. पेन्सिल बोथट.

काल पहिला मुक्काम झाला. साहेबांना एक मरळ मिळाली, त्यांनी तिचा फोटो काढला. मला "ताई" म्हणतात. वाटेत दगड आला की हात पुढे करतात. वाईट माणूस असता तर मला सोपं गेलं असतं.

आज दुपारी चिमट्यावर सगळे उतरलो. मी पाहुण्यांबरोबर काठाने खाली आले. घळीत वर आभाळाची एक पट्टी दिसते, बाकी सगळा काळा खडक. डोह हिरवा, वरून अगदी शांत. मी त्याच्याकडे बघायचं टाळलं नाही. बघून काही झालंही नाही. पाणी होतं.

थाळी गुडघ्यांमध्ये दाबून बसले. भाऊजींचा तराफा सुटला, चिमट्याच्या तोंडाशी थोडा अडखळला. भाऊजी दोर घेऊन पाण्यात उतरले.

तेवढ्यात साहेब शेजारी येऊन बसले. म्हणाले, "ताई, फार वाईट झालं हो. तसा माणूस पुन्हा मिळायचा नाही." मनापासून म्हणाले. मग माझ्या थाळीकडे हात केला. "मागच्या वेळी मीच वाजवली होती. सुरेख घुमते हो इथे. द्या, वाजवू?"

मार्चपासून मी एक वाक्य तयार ठेवलं होतं. शाळेच्या वाटेवर मनात म्हणत जायचे. ते मला आठवत होतं, पूर्ण आठवत होतं. साहेबांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. हा माणूस ते ऐकून घरी जाईल, आणि रोज रात्री ते दोन ठोके ऐकेल. आणि हे तरीही येणार नाहीत.

"हात लावू नका," एवढंच मी म्हणाले. ते दचकले. बाईची ऐट वाटली असेल. उठून स्टोव्हकडे गेले.

भाऊजींनी तराफा ओढून काठाला लावला, दोर बांधला, दोन्ही हात वर केले. तेव्हा मी ठोके दिले. दोन. वरून ढाणकीचा मुलगा सुटला आणि बघता बघता खाली रेतीवर आला, भिजलेला, हसत. भाऊजींनी त्याला मिठीच मारली. सगळे टाळ्या वाजवत होते. मी रडले, कुणी पाहिलं नाही.

मग चहा झाला. सगळे बसले, तराफे दोन्ही काठाला, माणसं सगळी खाली. वर चिमट्यापाशी कोणी उरलं नव्हतं.

घरी पानं आहेत ओल्या फडक्याखाली. अमावस्या आठवड्यावर आली. मामाजी वाट बघत असतील, ढाणकीचे लोकही. मला वाटलं, इथेच नाव घ्यावं, एकदा, मोठ्याने. पाण्याला आता कळून काय बिघडणार आहे? तोंड उघडलं. नाही आलं. इतकी वर्षं कधी घेतलंच नाही, तर जीभ कशी वळणार.

थाळी घेतली आणि पुन्हा दोन ठोके दिले.

साहेब हसून म्हणाले, "कोणाला बोलावताय ताई?" ना. भाऊजींनी हातातला कप खाली ठेवला. माझ्याकडे बघितलंही नाही. उठले, दोर उचलला आणि चिमट्याच्या तोंडाशी जाऊन गुडघाभर पाण्यात उभे राहिले, तराफा येत असला की राहतात तसे.

ऊन खडकावरून उतरलं. ते अजून उभे आहेत.