काकांच्या थडग्यावरचे लव्हाळे

तीर्थरूप ब्रोन्यामावशीस,

ओतिल्याचा नमस्कार. खुब्याचं दुखणं आता जिना चढू देतं का? (जावयाने अजून कठडा बसवला नसेल, तर माझं नाव सांगून त्याला बोल.)

तुला दुसरं कोणी कळवण्याआधी मीच कळवते. लेकीकडे राहायला जाताना काकांचं थडगं तू माझ्यावर सोपवून गेलीस. तिथे लिंडेनच्या झाडाची गर्द सावली, माती सदा ओली. तुझ्या बेगोनियाच्या रोपांचा दरवर्षी लगदा व्हायचा. म्हणून एप्रिलात मी तिथे लव्हाळे लावले, आपल्याच ओढ्याकाठच्या जातीचे. ते गवत नव्हे (देठ बोटांत फिरवला की तीन कडा लागतात). त्यांना सावली मानवते, ओल मानवते, आणि काकांचं निम्मं आयुष्य बदकांमागे त्याच लव्हाळ्यांत गेलं. इतका सुरेख झुबका झाला, की लांब पाती दगडावरच्या तारखांवर झुकली.

गावाला ते सुरेख वाटलं नाही. नोव्हेंबरात सगळा गाव थडगी सजवतो त्या सर्व संतांच्या सणाआधी दगड घासायला गेले, तर साबिनाबाई तिथे गुडघ्यांवर बसलेली (हो, तीच, जिच्याशी तू नऊ वर्षं बोलत नाहीस), बाजूला उपटलेल्या लव्हाळ्यांचा ढीग आणि काकांच्या छातीवर पिवळ्या शेवंतीच्या दोन कुंड्या. "ये बाई," ती म्हणाली, "म्हटलं बिचाऱ्याला कोणी उरलं नाही, आपण तरी बघावं." मी म्हटलं, ते मी लावलं होतं. "गवत?" लव्हाळे, मी म्हटलं. तिने ढिगाकडे पाहिलं, मग माझ्या स्वच्छ बुटांकडे. "असतील हो," म्हणाली, आणि झारी माझ्या हातात दिली. भांडायला गेले असते, पण तिच्या नखांत माती होती. मी शेवंतीला पाणी घातलं.

तुझी भाची,
ओतिल्या

ता. क. देठाच्या तीन कडा खऱ्या. पण लव्हाळे मी निवडले, कारण रोपवाटिकेतला माणूस म्हणाला, एकदा मूळ धरलं की तिकडे फिरकावं लागत नाही. मी फिरकले नाही. तो झुबका मी पहिल्यांदा पाहिला तो साबिनाबाईच्या ढिगात.

आणखी एक. सणाला येशील तेव्हा ती थडग्याची देखभाल स्वतःकडे मागेल. तिचा हक्क माझ्याहून मोठा आहे, हे मला कळतं. तरी देऊ नकोस. उपटलेल्यांपैकी चार जुड्या मी बादलीत जगवल्या आहेत. काकांच्या पायाशी परत लावीन म्हणते. तिथल्या ओलीत त्यांना वरून पाणी लागत नाही. मी घालीन.